वेबसाइट करून घेण्याआधीची तयारी : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्यावसायिकांसाठी

"वेबसाइट करायची आहे, किती होतील?" हा प्रश्न तीन डिझायनरना विचारून बघा. एक जण पंधरा हजार सांगेल, दुसरा पन्नास, तिसरा दीड लाख. तिघंही खरं बोलत असतात, कारण तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळी कामं असतात. तुमचं काम नेमकं कोणतं, हे तुम्ही अजून सांगितलेलंच नसतं.

शहापुरातल्या आमच्या घरच्या कुंद्याच्या दुकानाची वेबसाइट मी करून घेतली. पुढे उद्यमबागेतल्या एका मित्राच्या मशीनशॉपसाठीही धावपळ केली. दोन्ही कामांत एक गोष्ट दिसली. डिझायनरकडे रंग, मांडणी, कोडिंग हे सगळं असतं. पण माल कुणाला विकायचा, कुठल्या राज्यात पाठवायचा, कोणत्या भाषेत बोलायचं, हे मालकानेच ठरवायचं असतं. आपल्या भागात तर हे आणखी महत्त्वाचं आहे. आपलं गिऱ्हाईक तीन राज्यांत पसरलेलं आहे आणि भाषा, कर, डिलिव्हरी यांतला प्रत्येक निर्णय त्यावरच अवलंबून असतो. म्हणून डिझायनरला फोन करण्याआधी एक वही घ्या आणि खालच्या पायऱ्या क्रमाने लिहून काढा. दुकान सांभाळून रोज तासभर दिलात तरी पंधरवड्यात हे काम उरकतं.

१. गिऱ्हाईक कोण आणि ते कुठल्या बाजूचं

वहीच्या पहिल्या पानावर गेल्या महिन्यातली गिऱ्हाइकं आठवून लिहा. कोण आलं, कुठून आलं, कसं कळलं म्हणून आलं. कुंद्याच्या दुकानात हे लिहायला बसल्यावर चित्र स्पष्ट झालं. गल्लीतलं रोजचं गिऱ्हाईक वेबसाइट बघणार नाही, ते काउंटरवर येतं. चंदगडकडची माणसं बाजाराला बेळगावात येतात, तीही थेट दुकानात येतात. वेबसाइटची गरज असलेले लोक वेगळेच निघाले : चोर्ला घाट चढून येणारे गोव्याचे प्रवासी, त्यांना दुकान कुठे आणि किती वाजेपर्यंत उघडं हे हवं असतं, आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले बेळगावकर, त्यांना घरपोच कुंदा हवा असतो.

मशीनशॉपचं गणित निराळं. तिथे वेबसाइट बघणारा माणूस म्हणजे पुण्याच्या किंवा होसूरच्या कारखान्यातला खरेदी अधिकारी. त्याला "आमची परंपरा" वाचायची नसते. तुमच्याकडे व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) किती, बेडचं माप काय, किती मायक्रॉनपर्यंत टॉलरन्स धरता, कोणत्या धातूंवर काम करता, आयएसओ आहे का, तपासणीची साधनं कोणती, हे त्याला दोन मिनिटांत दिसायला हवं. तिथे 'कार्टमध्ये टाका' बटणाचा काही उपयोग नाही. ड्रॉइंग अपलोड करून कोटेशन मागता येईल असा फॉर्म लागतो.

वडगाव-खासबागेतल्या साडीवाल्यांचं घाऊक गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो मागतं. खानापूरच्या काजूवाल्याला किलोचा भाव रोज बदलावा लागतो. म्हणजे एकाला कॅटलॉग हवा आणि दुसऱ्याला स्वतःच्या हाताने दर बदलता येईल अशी सोय.

हे सगळं लिहून झालं की त्याखाली एकच वाक्य लिहा : "वेबसाइटवर आलेल्या माणसाने अमुक करावं." फोन करावा, व्हॉट्सॲप करावा, कोटेशन मागावं, किंवा पैसे भरून माल घ्यावा. यांतलं एक मुख्य ठरवा. चारही मुख्य म्हणालात तर पहिल्या पानावर चार बटणं येतील आणि एकही दाबलं जाणार नाही.

या पायरीवरच लक्षात आलं की लोकांना फक्त पत्ता, वेळ आणि फोन नंबर हवा आहे, तर आधी गुगल बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग करा. दोन्ही फुकट आहेत. वेबसाइट सहा महिन्यांनी केली तरी बिघडत नाही.

२. भाषा

इथे घाई करू नका. "मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत करा" हे म्हणायला सोपं आहे. पण प्रत्येक पान तीनदा लिहायचं, तीनदा तपासायचं आणि भाव बदलला की तिन्हीकडे बदलायचा. वर्षभरात दोन भाषा जुन्या पडतात आणि एकीकडे कुंदा एका भावाने, दुसरीकडे दुसऱ्याच भावाने दिसायला लागतो. म्हणून पहिल्या पायरीतल्या यादीवरून ठरवा. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक असेल तर कन्नड हवीच. निपाणी, खानापूर, चंदगड, कोल्हापूर असेल तर मराठी. बाहेरच्या कारखान्यांशी व्यवहार असेल तर इंग्रजी पुरते. ज्या भाषेत फोन आला तर दुकानातलं कुणी तरी नीट उत्तर देऊ शकतं, तीच भाषा वेबसाइटवर ठेवा, असं माझं मत आहे.

सर्व भाषा ठेवायच्याच असतील तर सगळी वेबसाइट भाषांतरित करू नका. मुख्य पान, संपर्क आणि डिलिव्हरीची माहिती तिन्ही भाषांत ठेवा, बाकी एका भाषेत. कन्नड मजकूर यंत्राच्या भाषांतरावर सोडू नका. शेजारच्या कन्नड घरातल्या कुणाकडून तरी तो मोठ्याने वाचून घ्या. त्यांना जिथे अडखळायला होतं, तिथे दुरुस्ती करा.

आता फॉन्टचा सापळा. आपल्याकडच्या छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे अजूनही श्रीलिपीत टाइप केलेला मराठी मजकूर आणि जुन्या नुडी फॉन्टमधला कन्नड मजकूर असतो. लग्नपत्रिकेला, हँडबिलाला तो चालतो. वेबसाइटवर तो चालत नाही, तिथे युनिकोडच लागतं, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत. ओळखायची सोपी रीत आहे : मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. अक्षरं जशीच्या तशी दिसली तर युनिकोड आहे. भलतीच चिन्हं आली तर तो मजकूर बदलून घ्यावा लागेल, आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतील.

वेबसाइटवरच्या फॉन्टसाठी डिझायनरला मुक्त, बालू किंवा नोटो ही नावं सांगा. तिन्ही मोफत वापरता येतात. बालू आणि नोटो या दोन्ही घराण्यांत कन्नडही आहे, त्यामुळे दोन्ही लिप्या एकमेकींच्या शेजारी शोभतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा. काही फॉन्टमध्ये ही नोंद नसेल तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. आपल्या डोळ्यांना ते लगेच खटकतं, पण डिझायनर बाहेरचा असला तर त्याच्या ते लक्षातही येत नाही.

शहराच्या नावाचंही असंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण शोधणारे लोक बेळगाव, बेळगावी, आणि इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगं वापरतात. ही सगळी रूपं मजकुरात कुठे ना कुठे सहज येऊ द्या.

आणखी एक : "गिऱ्हाईक कुठून आलंय ते ओळखून भाषा आपोआप बदलेल" अशी सोय कुणी सुचवली तर नको म्हणा. मोबाइलचं इंटरनेट कुठल्या शहरातून आल्यासारखं दिसेल याचा भरवसा नसतो, आणि सीमेवर तर राज्यावरून माणसाची भाषा ठरतच नाही. वर कोपऱ्यात भाषा निवडायची साधी सोय पुरे.

३. ऑनलाइन विकणार असाल तर आधी सीएकडे जा

ही पायरी डिझायनर तुम्हाला सांगणार नाही, कारण ते त्याचं काम नव्हे. चंदगड किंवा कागल आपल्याला शेजारचं वाटतं, पण जीएसटीच्या हिशेबात ते परराज्य आहे. आपला जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने, गोव्याचा ३० ने. तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची जीएसटीची सोय) असाल तर परराज्यात माल विकता येत नाही. उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणून जीएसटी नोंदणीच केली नसेल, तरीही करपात्र माल परराज्यात पाठवायचा झाला की नोंदणी सक्तीची होते. काही हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे. तुमचा माल त्यात बसतो का, ते सीएला विचारा.

काउंटरवर येऊन कोल्हापूरच्या माणसाने कुंदा नेला तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. वेबसाइटवरून त्याच माणसाने मागवला आणि तुम्ही कुरिअरने पाठवला की उद्भवतो. मी असं दुकान पाहिलं आहे, जिथे वेबसाइट तयार झाली, पेमेंटही जोडलं गेलं, आणि मग कळलं की फक्त कर्नाटकातच विकता येईल. गिऱ्हाईक सगळं पुण्याचं होतं. त्यामुळे नियमित नोंदणी करायची की ऑनलाइन विक्री कर्नाटकापुरती ठेवायची, हे आधी ठरू द्या. विक्री कर्नाटकापुरती ठेवलीत तर डिझायनरला सांगून पिन कोडवरून ऑर्डर अडवता येते.

डिलिव्हरीचे प्रश्नही याच पानावर लिहा. माल किती दिवस टिकतो, कुरिअर किती दिवसांत पोचवतं, फुटला-सांडला तर पैसे परत की नवा माल, पाठवण्याचा खर्च कुणाचा. मांडे पाठवायचे तर ते चुरा न होता पोचतील असं खोकं आधी शोधा आणि पुण्याच्या नातेवाइकाला एकदा पाठवून बघा. त्याचा फोन आल्याशिवाय मांडे वेबसाइटवर घालू नका.

कायद्याच्या बाजूने इतकं लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण. छोट्या दुकानात हा अधिकारी म्हणजे तुम्ही किंवा तुमचा मुलगा, पण नाव लिहिलेलं हवं. पाकीटबंद मालावरची वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव अशी माहिती वेबसाइटवरही दिसली पाहिजे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबरही द्या.

४. डोमेन कुणाच्या नावावर

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, हा जमिनीचा उतारा समजा. घर कुणीही बांधून देवो, उताऱ्यावर नाव तुमचंच हवं.

आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. डिझायनर म्हणतो, "डोमेन आणि होस्टिंग (वेबसाइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा) आमच्याकडूनच, तुम्हाला त्रास नको." तो त्याच्या खात्यातून, त्याच्या ईमेलवर डोमेन घेतो. दोन-तीन वर्षांनी तो मुलगा नोकरीला बेंगळुरूला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाचा ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जातो आणि एका सकाळी वेबसाइट बंद. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात डोमेन सोडवता येतं, नंतर जास्त पैसे लागतात, आणि शेवटी ते कुणालाही विकत घेता येतं. वडगावातल्या एका मागवाल्याचं नाव असंच गेलं. पिशव्यांवर, बिलांवर, टेम्पोवर छापलेलं सगळं वाया गेलं. डिझायनरने फसवलं असंही नव्हतं, फक्त चाव्या चुकीच्या खिशात होत्या.

म्हणून हे स्वतः करा. आधी धंद्यासाठी एक वेगळा ईमेल काढा. तो दुकानाच्या नंबरशी जोडा, कामाला असलेल्या मुलाच्या नंबरशी नको. त्या ईमेलवरून डोमेन विकणाऱ्या कंपनीत खातं उघडा आणि डोमेन घ्या. नोंदणी धारकाच्या रकान्यात तुमचं किंवा फर्मचं नाव लिहा. पैसे तुमच्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून भरा आणि बिल जपून ठेवा. डॉट इन बहुतेक व्यवसायांना पुरतं. नाव मोठं करायचं असेल तर डॉट कॉमही घेऊन ठेवा. देवनागरीत डॉट भारतही मिळतं, पण ते जोडीला असावं, मुख्य म्हणून नको, कारण व्हिजिटिंग कार्डावरून टाइप करताना लोक अडतात. शक्य असेल तर एकदम तीन-पाच वर्षांचे पैसे भरा. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर किती ते आधी वाचा.

नाव निवडताना ते फोनवरून एकदाच सांगून बघा. "शहापूर"मध्ये इंग्रजी एच किती, हे समोरच्याला विचारावं लागलं तर दुसरं नाव शोधा.

वहीत 'चाव्या' असं एक पान करा आणि त्यावर लिहा : डोमेन, होस्टिंग, ईमेल, गुगल बिझनेस प्रोफाइल, ॲनालिटिक्स (वेबसाइटवर किती लोक आले ते मोजणारी सोय), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा), फेसबुक आणि इन्स्टाग्राम. प्रत्येकापुढे मालक कोण आणि नूतनीकरण कधी. डिझायनरला कामापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका.

५. मजकूर आणि फोटो

कामं रखडतात ती इथे. डिझायनर मांडणी तयार करून बसतो आणि मालक "मजकूर पाठवतो" म्हणत दिवाळी उलटते. पानांची यादी करा, बहुतेकांना मुख्य पान, उत्पादनं किंवा सेवा, आमच्याविषयी आणि संपर्क इतकी चार पुरतात. ऑनलाइन विक्री असेल तर अटी, गोपनीयता, परतावा आणि डिलिव्हरी ही चार आणखी. पेमेंट गेटवेवाले मंजुरीआधी ही पानं तपासतात.

पत्ता लिहिताना पोस्टाचा पत्ता द्याच, शिवाय माणूस विचारतो तसा रस्ताही लिहा. "दुसऱ्या रेल्वे गेटवरून आत", "गोवावेसच्या अलीकडे" हे वाचून माणूस पोचतो. गोव्याचा प्रवासी गाडी घेऊन येतो, त्यामुळे पार्किंग कुठे मिळेल तेही लिहा.

फोटो सकाळच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर, स्वतःच्या मालाचे काढा. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेला फोटो वापरू नका. हक्काचा प्रश्न तर आहेच, शिवाय गोव्याहून आलेलं गिऱ्हाईक "फोटोतला कुंदा असा नव्हता" म्हणून दुकानातच सुनावतं. मशीनशॉपसाठी छायाचित्रकार बोलवा. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरचा जॉब फोटोत दिसत असेल तर आधी त्या ग्राहकाची परवानगी घ्या.

६. कागदपत्रं

एका फाइलमध्ये आणि स्कॅन करून मोबाइलवरही ठेवा :

- पॅन, आणि भागीदारी किंवा कंपनी असेल तर तिची कागदपत्रं
- जीएसटी प्रमाणपत्र
- उद्यम नोंदणी
- महापालिकेचा किंवा पंचायतीचा व्यापार परवाना
- खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय
- करंट खात्याचा रद्द केलेला चेक
- लोगोची मूळ फाइल, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नव्हे
- आयएसओ वा इतर प्रमाणपत्रं असतील तर ती

हे सगळे कागद समोर पसरून त्यांवरची नावं एकमेकांशी ताडून बघा. आपल्याकडे कन्नडमधल्या परवान्यावर एक रूप, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं असं सर्रास असतं. आडनावातल्या एका अक्षराने पेमेंट गेटवेची पडताळणी अडकते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम वेबसाइट सुरू करण्याआधीच हाती घ्या.

७. पैसे

दोन रकाने करा : एकदाच लागणारे आणि दर वर्षी लागणारे. दुसऱ्या रकान्यात डोमेन, होस्टिंग, ईमेल, देखभाल. एसएसएल प्रमाणपत्र (वेबसाइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळतं, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर का ते विचारा. पेमेंट गेटवे दर व्यवहारामागे शुल्क घेतो, कार्डावर ते साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी असं धरून चाला. डिझायनर जीएसटीत असेल तर बिलावर १८ टक्के लागतील, म्हणून कोटेशन कर धरून आहे की वेगळं ते लिहून घ्या.

८. आता डिझायनर

वहीतलं सगळं एका पानावर उतरवा : गिऱ्हाईक कोण, त्याने काय करावं, भाषा, पानांची यादी, ऑनलाइन विक्री आहे की नाही, आवडलेल्या दोन-तीन वेबसाइट आणि त्यांतलं काय आवडलं, बजेट, तारीख. हेच पान तिघांना पाठवा. आता येणारे तीन आकडे एकमेकांशी ताडता येतील.

त्यांनी केलेल्या वेबसाइट स्वतःच्या मोबाइलवर उघडा आणि त्या मालकांना फोन करून विचारा की काम झाल्यावर हा माणूस फोन उचलतो का. माझ्या दृष्टीने हा प्रश्न डिझाइनच्या देखणेपणापेक्षा मोठा आहे.

करार एक-दोन पानांचा असला तरी चालेल, पण लेखी हवा. त्यात काय काय मिळणार, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, पैशांचे टप्पे, तारीख आणि काम संपल्यावर किती महिने मोफत दुरुस्ती हे यायला हवं. कॉपीराइटचं कलम विसरू नका. बाहेरच्या माणसाने करून दिलेल्या डिझाइनचा आणि कोडचा हक्क पैसे दिले म्हणून आपोआप तुमच्याकडे येत नाही, तो लेखी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. म्हणून "कायमस्वरूपी, जगभर" हे शब्द घाला.

मिठाई, कापड असल्या धंद्यांनी काम गणपती ते दिवाळी या काळात ठेवू नये. तुम्हाला दुकानातून मान वर करायला वेळ नसतो आणि डिझायनर तुमच्या उत्तराची वाट बघत बसतो. संक्रांतीनंतर सुरू करा.

९. शेवटचा हप्ता देण्याआधी

वेबसाइट डिझायनरच्या लॅपटॉपवर बघून होकार देऊ नका. जांबोटी-कणकुंबीकडे जाणाऱ्या कुणाला तरी तिथल्या नेटवर्कवर उघडून बघायला सांगा. पान उघडायला फार वेळ लागला तर फोटो जड आहेत, ते हलके करून घ्या. जुन्या अँड्रॉइड फोनवर कन्नड आणि मराठी जोडाक्षरं बघा. संपर्काचा फॉर्म स्वतः भरा आणि ईमेल खरंच येतो का पाहा. स्पॅममध्ये गेला असेल तर तो दोष आत्ताच दुरुस्त होतो. विक्री असेल तर स्वतः पैसे भरून एक ऑर्डर द्या, ती रद्द करा आणि पैसे परत येईपर्यंत थांबा. एखाद्या वस्तूचा भाव तुम्ही स्वतः बदलून बघा, डिझायनर शेजारी नसताना.

मग सगळ्या फाइलींचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, 'चाव्या'च्या पानावरचे पासवर्ड बदला आणि हप्ता द्या.